कॅलिफोर्नियाने आपल्या मुलांना दिलेला शब्द

नोव्हेंबर महिना सरत आला की कॅलिफोर्निया राज्यातील लाखाहून अधिक घरांमध्ये इतर सर्व विषय मागे पडतात आणि राज्याच्या विद्यापीठाकडे पाठवावयाच्या अर्जाचा एकच विषय जेवणाच्या वेळीही पुरून उरतो. सॅन होजे, फ्रीमाँट, क्युपर्टिनो या गावांत स्थायिक झालेली जी शेकडो मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्या घरांतही बारावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी त्या दिवसांत, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांच्या मर्यादेत बसवावयाचे चार निबंध पुनःपुन्हा लिहीत आणि खोडीत असते. आणि ज्यांनी स्वतः पुण्यात, नागपुरात किंवा सांगलीत गुणपत्रिकेवरील एका आकड्याच्या बळावर अभियांत्रिकीचा प्रवेश मिळविला, ते आईबाप आपल्या अपत्याच्या स्वभावातील कोणता गुण तपासनिसाच्या नजरेस पडावा या चिंतेने ग्रासलेले असतात. अर्ज एकच असला, तरी त्यावर विद्यापीठाच्या नऊ परिसरांपैकी हवे तितके निवडता येतात, म्हणून प्रत्येक परिसराकडे येणाऱ्या अर्जांची संख्या वर्षानुवर्षे वाढतच गेली आहे. २०२२ साली लॉस एंजलिस येथील परिसराकडे पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी सुमारे दीड लाख अर्ज आले आणि त्यांपैकी शेकडा नऊच्या आसपास अर्जदारांना होकार मिळाला. बर्कलेची स्थिती याहून फार निराळी नव्हती. वसंत ऋतूत निकाल लागतात, तेव्हा सर्व विषयांत उत्तम श्रेणी मिळविलेली मुले नकाराचे पत्र हाती घेऊन आपले काय चुकले याचा शोध घेऊ लागतात.

त्यांचे बहुधा काहीच चुकलेले नसते, आणि हेच आज विस्ताराने सांगावे असे मला वाटते. या स्पर्धेविषयी तिकडे जी चर्चा होते, ती बहुतांशी निवडीच्या मापाविषयी असते: परीक्षेचे गुण धरावेत की शाळेतील श्रेणी धराव्यात, निबंधाला किती वजन द्यावे, वंशाचा विचार करावा की न करावा, कोणत्या शाळेतील मुलाला झुकते माप द्यावे. हे प्रश्न क्षुद्र नाहीत; परंतु ते सर्व दुसऱ्या पायरीवरचे आहेत. पहिला प्रश्न असा की, राज्यातील जनतेच्या करांतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठात राज्यातील मुलांसाठी जागा किती असाव्यात आणि त्या वाढविण्याची जबाबदारी कोणाची. त्या प्रश्नाला कॅलिफोर्नियाने एके काळी असे निःसंदिग्ध उत्तर दिले होते की, त्याची तुलना जगातील फार थोड्या लोकराज्यांच्या शैक्षणिक धोरणांशी करता येईल. ते उत्तर पुढे रद्द झाले नाही, पण पाळलेही गेले नाही. आणि आजच्या स्पर्धेचे मूळ त्या न पाळलेल्या शब्दात आहे.

या विद्यापीठाची सनद १८६८ सालची आहे. त्यापूर्वी सहा वर्षे, यादवी युद्धाचा वणवा पेटलेला असतानाच, अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली होती आणि त्या कायद्यान्वये प्रत्येक राज्याला, केंद्रीय विधिमंडळातील त्याच्या दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर या हिशेबाने, सरकारी जमीन मिळाली होती. त्या जमिनीच्या विक्रीतून उभ्या राहणाऱ्या निधीवर राज्याने शेती, यंत्रविद्या आणि इतर शास्त्रे शिकविणारी विद्यालये काढावीत, असा त्या कायद्याचा हेतू होता. (ही जमीन तेथील मूळ रहिवाशांकडून कशा रीतीने सरकारजमा झाली होती, हे अमेरिकन इतिहासकार आता उघडपणे लिहू लागले आहेत, आणि ते लिहिले जाणे अगत्याचेच होते.) कॅलिफोर्नियाच्या सनदेतच असे कलम होते की, विद्यापीठाच्या उत्पन्नाची तशी सोय होताच राज्याच्या रहिवाशांना प्रवेश आणि शिक्षण विनामूल्य असावे. रहिवासी आणि परका हा भेद तेव्हापासूनचा आहे, आणि तो अन्याय्य नाही. ज्या शेतकऱ्याने, दुकानदाराने, मजुराने राज्याच्या खजिन्यात कर भरला, त्याच्या मुलाचा त्या खजिन्यातून चालणाऱ्या विद्यापीठावर अधिक हक्क असावा हे न्यायाला धरूनच आहे. परक्याला मात्र त्याची झळ लागत असे. १९२२ साली शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेले जयप्रकाश नारायण प्रथम बर्कलेलाच दाखल झाले होते. तेथील शुल्क वाढले आणि ते परवडेना, म्हणून त्यांना आयोवा राज्याच्या विद्यापीठाची वाट धरावी लागली.

आता ज्या उत्तराचा मी वर उल्लेख केला, त्याकडे वळतो. १९६० साली क्लार्क केर हे विद्यापीठाचे अध्यक्ष असताना आणि पॅट ब्राउन हे राज्याचे गव्हर्नर असताना उच्च शिक्षणाचा एक महायोजनात्मक मसुदा तयार झाला आणि विधिमंडळाने तो कायद्यात उतरविला. युद्धोत्तर काळात जन्मलेली मुलांची प्रचंड पिढी लवकरच महाविद्यालयाच्या वयात येणार आहे आणि तिच्यासाठी आजच तजवीज केली नाही तर उद्या दाराशी गर्दी होईल, हे त्या मसुद्याच्या कर्त्यांनी ओळखले होते. त्यांनी तीन स्तर ठरविले. शालेय शिक्षण पुरे करणाऱ्या मुलांपैकी वरच्या एक अष्टमांश मुलांना विद्यापीठात जागा मिळेल. वरच्या एक तृतीयांश मुलांना राज्य महाविद्यालयांत, म्हणजे आज ज्यांना कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ म्हणतात त्या संस्थेत, जागा मिळेल. आणि ज्याला म्हणून शिकण्याची इच्छा आहे त्या प्रत्येकाला गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश मिळेल, व तेथे दोन वर्षे नीट शिकून दाखविणाऱ्यास वरच्या दोन स्तरांची दारे पुन्हा उघडी राहतील. रहिवाशांकडून शिक्षणशुल्क घ्यावयाचे नाही, हे जुने तत्त्वही या योजनेने पुन्हा उच्चारले.

या योजनेचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले आहेत. म्हणून तिच्यातील एक कठोर अंगही नोंदविले पाहिजे. विद्यापीठाचे दार तिने रुंद केले नाही, उलट थोडे अरुंद केले. त्यापूर्वी वरची सुमारे पंधरा टक्के मुले विद्यापीठाला पात्र ठरत, ती साडेबारा टक्क्यांवर आली, आणि उरलेल्यांना कमी खर्चाच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडे वळविण्यात आले. तरीही त्या योजनेचे नैतिक सामर्थ्य निर्विवाद आहे, आणि ते तिच्या शब्दरचनेत आहे. "जितक्या जागा आहेत तितकी मुले घेऊ" असे तिने म्हटले नाही. "इतकी मुले पात्र आहेत, तितक्या जागा आम्ही निर्माण करू" असे तिने म्हटले. पहिल्या पद्धतीत एका मुलाचे यश हे दुसऱ्याचे अपयश असते. दुसऱ्या पद्धतीत मुलाला केवळ एक ज्ञात इयत्ता गाठावयाची असते, आणि ती गाठली की शेजारच्या बाकावरील मित्राने किती गुण मिळविले याची काळजी करण्याचे त्याला कारण उरत नाही. त्याच सुमारास आपल्याकडे १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागेही हीच श्रद्धा होती की, विद्येसाठी मुलाने मुंबई-पुण्याच्या दाराशी रांग लावण्याऐवजी विद्यापीठानेच मुलाच्या मुलखात जावे.

कॅलिफोर्नियाने काही वर्षे आपला शब्द पाळला. सॅन डिएगो, अर्व्हाइन आणि सांताक्रूझ हे तीन परिसर १९६०च्या दशकात उभे राहिले. त्यानंतर पहिलीच्या विद्यार्थ्यापासून विधिमंडळाच्या सभापतीपर्यंत सर्वांना दिसत होते की राज्याची वस्ती वाढत आहे. १९६० साली दीड कोटींहून थोडी अधिक असलेली लोकसंख्या २०२० पर्यंत चार कोटींच्या घरात गेली. त्या तिघांनंतरच्या एवढ्या काळात विद्यापीठाने नवा परिसर उघडला तो एकच, २००५ साली, मध्य खोऱ्यातील शेतीच्या मुलखात, मर्सेड येथे. जुने परिसर फुगत गेले, वर्गखोल्यांत बाके वाढली, आणि आज सर्व परिसर मिळून विद्यार्थ्यांची संख्या तीन लाखांच्या जवळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मागणी त्याहून वेगाने वाढली. एक अष्टमांशाचे अभिवचन कागदावर अजून शाबूत आहे: जो राज्यवासी विद्यार्थी ठरलेली पात्रता पुरी करतो, पण त्याने मागितलेल्या एकाही परिसरात ज्याला जागा मिळत नाही, त्याला जेथे जागा शिल्लक असेल तेथील प्रवेश देऊ केला जातो, आणि ती जागा व्यवहारात बहुतांशी मर्सेडची असते. मर्सेडविषयी मला अनादर नाही; खोऱ्यातील शेतमजुरांच्या मुलांना त्या परिसराने जे दिले, ते मोलाचे आहे. पण ज्याला त्याने न मागितलेली जागा मागाहून पत्राने कळविली जाते, त्याच्या दृष्टीने मूळ अभिवचनातील सत्त्व निघून गेलेले असते.

असे का झाले, याचे उत्तर विद्यापीठाच्या प्रवेश कचेरीत शोधून सापडणार नाही. ते राज्याच्या जमाखर्चात आहे. १९७८ साली मतदारांनी तेरावा प्रस्ताव मंजूर करून स्थावर मालमत्तेवरील कराला कायमचा लगाम घातला. शाळा तोवर मुख्यतः त्या करावर चालत. आता त्यांचा भार राज्याच्या सर्वसाधारण निधीवर आला. पुढे १९८८ साली दुसऱ्या एका प्रस्तावाने शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये यांना त्या निधीतील किमान हिश्शाची हमी दिली, आणि ती योग्यच होती. परंतु विद्यापीठाला तशी कोणतीच हमी मिळाली नाही. परिणाम असा झाला की, मंदी आली की ज्याच्या खर्चाला कायद्याचे कवच नाही त्या विद्यापीठाच्या अनुदानावर प्रथम कात्री चाले. २००८च्या आर्थिक अरिष्टानंतर हेच अत्यंत तीव्रतेने घडले. नोव्हेंबर २००९ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने एका ठरावाने शुल्कात ३२ टक्के वाढ केली. विद्यार्थ्यांनी इमारती अडविल्या, पोलीस आले, पण वाढ टळली नाही. ज्या संस्थेच्या सनदेत विनामूल्य शिक्षणाचे कलम होते, त्या संस्थेची ही गत होती.

मग विद्यापीठाने दुसरा मार्ग शोधला. परराज्यातील आणि परदेशातील विद्यार्थी रहिवाशांइतके शुल्क तर देतातच, आणि त्यावर वर्षाला तीस हजार डॉलरांहून अधिक अशी जादा रक्कम भरतात. अनुदान आटलेल्या संस्थेला हा ओघ किती हवाहवासा वाटला असेल, हे समजू शकते. बर्कले, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो या तीन नामांकित परिसरांत अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण भराभर वाढले. मार्च २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी या प्रकाराची तपासणी करून अहवाल सादर केला आणि त्यात स्पष्ट शब्दांत नमूद केले की, या धोरणाने राज्यातील विद्यार्थ्यांचे अहित झाले. बाहेरच्यांसाठी असलेला निकष सैल करण्यात आला होता, आणि तीन वर्षांत सुमारे सोळा हजार बाहेरचे विद्यार्थी असे घेतले गेले की ज्यांची शैक्षणिक गुणवत्ता प्रवेश मिळालेल्या राज्यवासी विद्यार्थ्यांच्या मध्यकापेक्षा सर्व बाबतींत खाली होती. विद्यापीठाने या निष्कर्षाचा जोरदार प्रतिवाद केला. बाहेरच्यांच्या पैशामुळेच रहिवाशांच्या जागा टिकल्या, तो पैसा नसता तर त्याही घटल्या असत्या, असे त्याचे म्हणणे होते.

मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत आणि माझे मत असे आहे की, विद्यापीठाचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बहुधा खरे होते, आणि तरीही ज्या राज्यात ते खरे ठरू शकले त्या राज्याला ते शोभणारे नव्हते. जनतेचे विद्यापीठ आपल्याच जनतेच्या मुलांना शिकविण्यासाठी परक्या धनिकांच्या मुलांचे पैसे गोळा करीत असेल, तर दोष विद्यापीठापेक्षा विधिमंडळाचा अधिक. अखेर २०१७ साली नियामक मंडळाने बाहेरच्यांचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे धोरण स्वीकारले. जे परिसर आधीच त्या मर्यादेपुढे गेले होते त्यांना होते तेथेच थांबविले. (नॉर्थ कॅरोलायना राज्यात हीच १८ टक्क्यांची मर्यादा १९८६ साली घातली गेली, उलट मिशिगनच्या प्रसिद्ध विद्यापीठात पदवीचे सुमारे निम्मे विद्यार्थी बाहेरचे असतात.) २०२१च्या अर्थसंकल्पात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले: त्या तीन परिसरांनी पाच वर्षांत १८ टक्क्यांवर यावे, आणि त्यामुळे बुडणारे उत्पन्न राज्याने भरून द्यावे. या एका तरतुदीने दरवर्षी सुमारे नऊशे जागा राज्यातील मुलांकडे परत वळू लागल्या. निवडीचे माप तसूभरही न बदलता हे घडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पैसा मंजूर झाला आणि जागा निर्माण झाल्या, इतकेच.

जागा म्हणजे नुसता पैसा नव्हे, हेही पुढच्याच वर्षी दिसून आले. बर्कले शहरातील काही रहिवाशांच्या संघटनेने अशी फिर्याद लावली की, विद्यापीठ विद्यार्थी वाढवीत जाते पण त्यांच्या राहण्याची सोय करीत नाही, त्यामुळे शहरात घरे दुर्मीळ होतात, रहदारी आणि गोंगाट वाढतो, आणि या परिणामांचा पर्यावरणविषयक कायद्याप्रमाणे विचार झालेला नाही. न्यायालयाने विद्यार्थिसंख्या २०२०-२१ च्या पातळीवर गोठविण्याचा हुकूम दिला. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उठविण्यास नकार दिला, आणि सुमारे तीन हजार जागा एका रात्रीत नाहीशा होण्याची वेळ आली. तेव्हा जे विधिमंडळ वर्षानुवर्षे सुस्तावलेले होते, त्याने अवघ्या काही दिवसांत, एकही विरोधी मत न पडता, कायद्यात दुरुस्ती केली आणि गव्हर्नरांनी त्याच दिवशी तीवर सही केली. शहरवासीयांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. वसतिगृहे खरोखरच अपुरी होती, आणि विद्यार्थी मोटारीत झोपून दिवस काढतात अशा गोष्टी त्या राज्यात कानावर येतात. आपल्याकडे शाहू महाराजांनी आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या शिक्षणाचा आरंभ वसतिगृहांपासून केला, त्यामागील शहाणपण अशा वेळी आठवते. दूरच्या गावातून आलेल्या मुलाला रात्री टेकावयास जागा नसेल, तर वर्गातील बाक त्याच्या उपयोगाचे नाही.

आता मापाकडे येऊ. परीक्षेच्या गुणांचा वाद मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात जितका आवेश आहे तितके फलित नाही. प्राध्यापकांच्या समितीने २०२० च्या आरंभी प्रमाणित परीक्षा ठेवाव्यात असा कौल दिला. मे महिन्यात नियामक मंडळाने एकमताने त्या काढून टाकल्या. आता विद्यापीठ त्या गुणांकडे पाहतसुद्धा नाही. अर्ज वाढले, होकाराचे प्रमाण घटले, आणि निबंध सुधारून देणाऱ्या सल्लागारांची कमाई वाढली. परीक्षा ठेवली असती तर शिकवणीवर्गांची वाढली असती.

टेक्सासचे उदाहरण याहून विचारार्ह आहे, आणि मापाच्या बाजूने बोलावयाचे तर मला ते सर्वांत न्याय्य वाटते. १९९६ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, तेव्हा दक्षिण टेक्सासमधील प्रतिनिधी इर्मा रान्हेल यांनी पुढच्याच वर्षी एक साधा कायदा मंजूर करून घेतला: राज्यातील प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठात आपोआप प्रवेश. शाळा ह्यूस्टनच्या श्रीमंत वस्तीतली असो की रिओ ग्रांदच्या काठावरील दरिद्री खेड्यातली, तिच्या पहिल्या दहा टक्क्यांना हक्क समान. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात पूर्वी काही ठराविक शाळांतूनच मुले येत. या कायद्यानंतर ज्या शाळांतून तोवर क्वचितच कोणी तेथे पोहोचले होते अशा कितीतरी शाळांची मुले तेथे दिसू लागली. खेड्यातील शिक्षकाला आपल्या हुशार मुलीला निश्चयाने सांगता येऊ लागले की, तू वर्गात पुढे राहा, पुढचे दार उघडे आहे. कॅलिफोर्नियानेही याच धर्तीवर प्रत्येक शाळेच्या वरच्या चार, आणि मागाहून नऊ टक्क्यांना हमी दिली, पण ती कोणत्या तरी परिसराची, हव्या त्या परिसराची नव्हे.

परंतु टेक्सासमध्येही शेवटी काय झाले ते पाहा. या कायद्याने येणारी मुले ऑस्टिनच्या बहुतेक सर्व जागा व्यापू लागली, म्हणून २००९ साली विधिमंडळाने त्या एका विद्यापीठापुरती अशा प्रवेशांवर ७५ टक्क्यांची मर्यादा घातली. मर्यादेत बसण्यासाठी दहा टक्क्यांची अट पुढे सहा टक्क्यांवर आली, आणि २०२६ च्या शरद सत्रापासून ती पाच टक्क्यांवर आणण्यात आली आहे. कायदा झाला तेव्हा टेक्सासची लोकसंख्या दोन कोटींच्या आत होती. ती आज तीन कोटींच्या पुढे गेली आहे. इतक्या निःपक्षपाती मापालाही, जागा पुरेशा वाढल्या नाहीत म्हणून, निम्म्यावर यावे लागले. ज्या मुलीला तिच्या शिक्षकाने १९९७ साली अभिवचन दिले असते, तिच्या मुलीला तो तेच अभिवचन आज देऊ शकत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. जागा नाहीत असे म्हणता, पण सॅन फ्रान्सिस्को आणि सोनोमा येथील राज्य विद्यापीठांत विद्यार्थी कमी होत आहेत, वर्ग रिकामे पडत आहेत. मग टंचाई विद्येची आहे की केवळ नामांकित पाटीची? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते विशेषतः आपल्या लोकांनी ऐकावे असे आहे. मराठी घरांतून संगणकशास्त्र आणि बर्कले या दोनच शब्दांभोवती मुलाचे सगळे तारुण्य आखले जाते, आणि त्या घरातील पोरे सोळाव्या वर्षी निद्रेला पारखी होतात. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे शिकून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाण्याचा जो मार्ग १९६० च्या योजनेने मुद्दाम मोकळा ठेवला, तो आजही मोकळा आहे. दोन नवागतांमागे एक विद्यार्थी या मार्गाने घ्यावा असे विद्यापीठाचे उद्दिष्ट आहे, आणि सहा परिसर तर ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यास लेखी हमी देतात. तरी आपले आईबाप त्या मार्गाचे नाव काढले की अपमान झाल्यासारखे गप्प होतात. तो अपमान नव्हे. त्या मार्गाने बर्कलेची पदवी घेतलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर निराळी शाई नसते.

तथापि या आक्षेपाने मूळ प्रश्न मिटत नाही. ज्या संस्थांत जागा रिकाम्या आहेत, त्यांच्याही अनुदानावर मंदीत कात्री चालली; सोनोमाला तर अध्ययनाचे विभागच्या विभाग बंद करण्याची पाळी आली. एका संस्थेला दुर्बळ ठेवावयाचे आणि मग मुले तिच्याकडे जात नाहीत म्हणून मुलांच्या हव्यासाला दोष द्यावयाचा, हे न्याय्य नव्हे. पालकाला संस्थांमधील अंतर दिसते आणि ते खरे असते. ते कमी करणे हेही राज्याचेच काम आहे.

महाराष्ट्रात बसून हे सर्व वाचणाऱ्याला यात अपरिचित असे काय आहे? आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय, अशी विभागणी आहे. राज्याच्या जागांत पुन्हा विभागवार ७० आणि ३० असे वाटप होते; मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्यामुळे तेथील मुलांना अधिक गुण मिळवूनही वंचित राहावे लागते, अशी तक्रार वर्षानुवर्षे होती, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते वाटप रद्द झाले. मराठवाड्याची तक्रार रास्त होती. पण रद्द करण्याने त्या वर्षी एकही नवे रुग्णालय उभे राहिले नाही, एकही जागा वाढली नाही. होत्या त्याच जागा निराळ्या रीतीने वाटल्या गेल्या, आणि एका मुलखाचा विषाद दुसऱ्या मुलखाकडे गेला. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हाही राज्याच्या खजिन्याने जो भार उचलला नाही तो ऐपत असलेल्या पालकाच्या खिशावर टाकला गेला. त्या निर्णयाने हजारो मुले अभियंते झाली, हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या बापाजवळ देणगी नव्हती, त्याच्या वाट्याला शासकीय महाविद्यालयातील तीच मोजकी जागा आणि तिच्यासाठीची जीवघेणी चढाओढ उरली. कॅलिफोर्नियाने परक्यांच्या शुल्काचा मार्ग धरला, आपण देणगीचा धरला. दोन्हीकडे राज्य मागे हटले आणि पैसा पुढे आला.

म्हणून कॅलिफोर्नियातील आणि टेक्सासमधील ज्या मराठी बंधुभगिनींना तेथे मतदानाचा हक्क मिळाला आहे, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. मुलाच्या निबंधासाठी सल्लागार शोधण्यात जितका वेळ आणि पैसा आपण घालता, त्याचा थोडा अंश आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीस पत्र लिहिण्यात घालावा. विद्यापीठाच्या अनुदानाला शाळांप्रमाणे किमान हिश्शाची हमी द्यावयास तो तयार आहे काय, मर्सेडनंतरचा परिसर कोठे आणि केव्हा उभा राहणार, प्रत्येक नव्या शंभर जागांमागे वसतिगृहाच्या किती खोल्या बांधल्या जाणार, हे त्याला लेखी विचारावे आणि त्याचे उत्तर जपून ठेवून पुढच्या निवडणुकीत त्याच्यापुढे ठेवावे. आणि येथे महाराष्ट्रात, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आरक्षणाच्या आणि टक्केवारीच्या वादात जे वृत्तपत्रवाचक हिरिरीने भाग घेतात, त्यांनी आपल्या आमदाराला निदान एवढे विचारावे की, आपल्या जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयांत गेल्या दहा वर्षांत जागा किती वाढल्या आणि प्राध्यापकांची किती पदे आज रिक्त आहेत.